शिशाशी काम करणारे हात : धोक्याची ओळख आणि प्रशिक्षण

पोटात राहून राहून कळ येते, शौचास साफ होत नाही, भूक मंदावली आहे, अंगात त्राण राहिलेले नाही, अशा तक्रारी घेऊन तिशीतला एखादा तरुण बाह्यरुग्ण विभागात येतो. ग्रामीण भागातील रुग्णालयाला या तक्रारी नव्या नाहीत. आम्लपित्ताची गोळी दिली जाते, जंताचे औषध दिले जाते, रक्तातील हिमोग्लोबिन कमी आढळले तर लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. पंधरा दिवसांनी तोच तरुण तीच कळ घेऊन परत येतो. कळ फारच तीव्र असेल तर अपेंडिक्सची शंका घेऊन त्याला शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठविले जाते आणि पोट उघडल्यावर आत काहीच सापडत नाही, असेही जगभर अनेकदा घडले आहे. या सगळ्या प्रवासात त्याला एक साधा प्रश्न बहुधा कोणी विचारलेला नसतो : ‘तुम्ही काम काय करता?’

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात रुग्णाला विचारावयाच्या नेहमीच्या प्रश्नांत हा एक प्रश्न वाढवावा असा आग्रह त्याने धरला होता. मातीच्या भांड्यांना शिशाचा मुलामा देणाऱ्या कुंभारांचे थरथरणारे हात त्याने पाहिले होते. तीनशे वर्षे उलटली तरी आपल्या केसपेपरवरील ‘व्यवसाय’ हा रकाना पुष्कळदा कोरा राहतो किंवा त्यात ‘मजुरी’ एवढाच शब्द पडतो. मजुरी कसली, हे लिहिले जात नाही.

प्रस्तुत लेख डॉक्टरांसाठी थोडा आणि शिशाशी रोज संबंध येणारे कामगार, त्यांचे मालक व घरची मंडळी यांच्यासाठी अधिक आहे. शिशाची विषबाधा हा औषधाने बरा करण्यापेक्षा शिकवणुकीने टाळण्याचा आजार आहे, आणि ही शिकवण कशी द्यावी याचा विचार येथे केला आहे.

शिसे आपल्या परिसरात कोठे आहे?

नेसरी हे काही कारखान्यांचे गाव नव्हे. तरीही गडहिंग्लज, आजरा, चंदगड या टापूत शिशाचा वावर वाटतो त्याहून बराच अधिक आहे. उसाच्या हंगामात रस्त्यांवर धावणारे ट्रॅक्टर आणि ट्रक, शेतातली वाहने, दुचाकी या सर्वांत बॅटरी असते आणि तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे व शिशाच्या संयुगांचा असतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाने जो कहर केला, त्या काळात घरोघरी व दुकानोदुकानी इन्व्हर्टर आले. त्यांच्याबरोबर बॅटरी भरून देणारी, उघडून दुरुस्त करणारी, जुनी विकत घेणारी छोटी दुकानेही नाक्यानाक्यावर उभी राहिली. अशा दुकानात बहुधा एक मालक, एक कारागीर आणि हाताखाली एक पोरगा असतो. बॅटरीचे झाकण कापणे, ॲसिड ओतून टाकणे, प्लेटा वेगळ्या करणे, कढईत शिसे वितळवून टर्मिनल ओतणे ही कामे तेथे एकाच खोलीत चालतात. त्याच खोलीत चहा येतो, त्याच खोलीत डबा उघडला जातो.

बॅटरीखेरीज रेडिएटर दुरुस्तीत आणि भांड्यांना डाग देण्याच्या कामात शिसे व कथील यांचे मिश्रण वापरतात. कल्हईच्या कामात शुद्ध कथील वापरावयाचे असते; पण स्वस्त कथिलात शिसे मिसळलेले असते. पितळ व ब्राँझच्या काही ओतीव कामांत शिसे असते. जुन्या इमारतीवरील वा यंत्रावरील रंग घासून काढणाऱ्या रंगाऱ्यांच्या नाकात जी धूळ जाते तीत शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला, परंतु त्यापूर्वीचे थर भिंतींवर अद्याप आहेत. एके काळी छापखान्यातील खिळे जुळारी दिवसभर शिशाच्या मिश्रधातूचे खिळे बोटांनी उचलत. ऑफसेट व संगणक आल्यावर तो धोका आपोआप संपला. धोका संपविण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे तो पदार्थच कामातून काढून टाकणे, याचे ते आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण होय.

मराठी माणसाच्या दृष्टीने आणखी एका व्यवसायाचा उल्लेख केला पाहिजे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त भागातील असंख्य कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईसाठी भारतभर विखुरली आहेत. आपल्या जिल्ह्यातील हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. दागिने घडविताना पडलेल्या केरातून चांदी परत मिळविण्याच्या जुन्या पद्धतीत शिशाचा उपयोग करतात. चांदी-मिश्रित केर शिशाबरोबर वितळवून भट्टीत हवेचा झोत सोडला की शिशाचे मुर्दाडशिंग होते, इतर हलके धातू त्याच्याबरोबर निघून जातात आणि शुद्ध चांदी मागे राहते. चांदी मागे राहते खरी, पण उडालेल्या शिशाचा काही भाग भट्टीपुढे बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात जातो.

आपल्याच भागातील पुरावा

‘हे सगळे परदेशातले, आमच्याकडे असले काही नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी एका अभ्यासाचा दाखला पुरेसा आहे. अरुण पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी तयार करणाऱ्या कामगारांचे रक्त तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या कामगारांच्या रक्तात दर डेसिलिटरला २५.८ ते ७८ मायक्रोग्रॅम शिसे आढळले. सरासरी ५३ च्या पुढे होती. शिशाशी संबंध नसलेल्या तुलनेच्या गटात सरासरी साडेबाराच्या आसपास होती. रक्तद्रव्य तयार करणारी यंत्रणा या कामगारांत बिघडलेली दिसली. याच संशोधकांनी पुढे पश्चिम महाराष्ट्रातील चांदीच्या दागिन्यांच्या कारागिरांचाही अभ्यास केला.

तुलनेच्या गटाची साडेबारा ही सरासरीही आजच्या दृष्टीने निर्धास्त राहण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तातील शिसे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळले तर ते कोठून आले याचा शोध घेऊन तो संपर्क तोडावयाचा असतो. शिशाची अमुक मात्रा निरुपद्रवी, असे सांगणारी रेषा विज्ञानाला सापडलेली नाही.

हे आकडे फार सूक्ष्म वाटतात, म्हणून थोडा हिशेब करून पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. दर डेसिलिटरला ५० मायक्रोग्रॅम म्हणजे साऱ्या रक्तात मिळून जेमतेम अडीच मिलिग्रॅम शिसे. कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीने कामाच्या जागेच्या हवेत दर घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम शिशाची मर्यादा घातली होती. आठ तासांच्या पाळीत कामगार सुमारे १० घनमीटर हवा आत घेतो, म्हणजे या मर्यादेवरही रोज दीड मिलिग्रॅम शिसे श्वासाबरोबर आत जाते. ते वजन मिठाच्या वीस-पंचवीस कणांइतके आहे. अमेरिकेने १९७८ मध्येच आपली मर्यादा याच्या एक-तृतीयांशावर आणली होती. ज्या खोलीत धुराडे नाही आणि हवा मोजणारे यंत्र कोणी पाहिलेलेही नाही, तेथे मर्यादेची गोष्ट कशाला काढावयाची?

शरीरात काय होते

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला धूर दिसत नाही म्हणून कारागीर बेफिकीर असतो. पण कढई अधिक तापत जाऊन ५०० अंशांच्या पुढे गेली की वाफ होऊन तिचे अतिसूक्ष्म कण हवेत तरंगू लागतात. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात आणि जवळजवळ पूर्णपणे रक्तात शोषले जातात. तोंडावाटे गेलेल्या शिशापैकी प्रौढाच्या शरीरात साधारण दहावा हिस्सा मुरतो, उपाशीपोटी मात्र याच्या कितीतरी पट. लहान मुलात हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. एकच धूळ बाप आणि मूल यांच्या पोटात गेली तर मुलाला ती अधिक महागात पडते, ती यामुळे.

रक्तातील शिशाची मात्रा संपर्क थांबल्यावर सुमारे महिन्याभरात निम्मी होते. हे ऐकून कामगाराला हायसे वाटते. परंतु शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत जाऊन बसलेले असते, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते, आणि हाडांतून ते निघून जावयास दशके लागतात. म्हातारपणी हाडे झिजू लागली, दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले किंवा स्त्रीला गर्भधारणा झाली की हे साठलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते. मुंबई-पुण्याकडे वीस वर्षे बॅटरीच्या कामात काढून गावी परतलेला माणूस आपल्याबरोबर पेन्शन आणतो की नाही ते सांगता येत नाही. हाडांतले शिसे मात्र तो नक्की आणतो.

रक्तद्रव्य तयार होण्याच्या साखळीतील दोन टप्पे शिसे अडवते, म्हणून रुग्ण फिका पडतो आणि लोहाच्या गोळ्यांना दाद देत नाही. आतड्याच्या स्नायूंना पेटके येऊन शूळ उठतो. हाताच्या नसा दुबळ्या होऊन मनगट लोंबू लागते. हे चिन्ह अलीकडे क्वचित दिसते. रक्तदाब वाढणे, मूत्रपिंड निकामी होत जाणे, विसराळूपणा, चिडचिड, पुरुषांतील वंध्यत्व ही लक्षणे मात्र इतकी संथ व इतकी सर्वसामान्य असतात की त्यांचा दोष वयावर किंवा स्वभावावर टाकला जातो. काही रुग्णांच्या हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ दिसते. १८४० मध्ये बर्टन या इंग्रज डॉक्टराने तिची नोंद केली. तोंडाची स्वच्छता ज्यांची चांगली असते त्यांच्यात ती दिसत नाही, तेव्हा रेघ नाही म्हणून शिसे नाही, असा निष्कर्ष काढू नये.

गुलालाचा पाठ

आता प्रशिक्षणाकडे वळू. कामगारांपुढे उभे राहून रासायनिक सूत्रे सांगण्यात अर्थ नाही. जे दिसत नाही ते दाखविणे ही शिक्षकाची खरी कसोटी असते आणि त्यासाठी आपल्या जिल्ह्यात गुलालासारखे साधन नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरून परतलेला माणूस सर्वांनी पाहिलेला आहे. दोनदा अंघोळ झाली तरी कानामागे गुलाल असतो, गाडीच्या सीटवर असतो, घरातल्या उशीवर असतो. यात्रेला न गेलेल्या पोराच्या गालावरही तो उतरलेला असतो. प्रशिक्षणाच्या दिवशी दुकानातील कामाच्या टेबलावर चिमूटभर गुलाल पसरावा आणि कारागिराला नेहमीप्रमाणे अर्धा तास काम करू द्यावे. चहा येऊ द्यावा. मग सर्वांनी मिळून पाहावे : कपाच्या कानावर, मोबाइलवर, दाराच्या कडीवर, डब्याच्या झाकणावर, ओठाच्या कोपऱ्यावर. यानंतर एकच वाक्य बोलावे लागते : ‘शिशाची धूळ अशीच फिरते, फक्त ती गुलाबी नसते.’

या पाठात तंबाखूला स्वतंत्र वेळ द्यावा. निपाणीची तंबाखू आणि चुना डाव्या तळहातावर घेऊन अंगठ्याने मळावयाची आणि चिमूट ओठात धरावयाची, ही सवय आपल्याकडे इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात काही वावगे आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शिशाच्या प्लेटा हाताळलेल्या तळहाताचा याहून थेट मार्ग तोंडाकडे जाणारा नाही. बिडीचेही तेच, बोटांवरची धूळ बिडीला लागते आणि पेटत्या टोकाशी तापून तिचा धूर होतो. तंबाखू सोडा, हा उपदेश आम्ही करतोच. पण जो आज सोडणार नाही त्याला निदान कामाच्या जागी मळू नये आणि हात धुतल्याशिवाय मळू नये, एवढे पटवून देता आले तरी त्या दिवसाचा पाठ वाया गेला नाही असे समजावे.

हात धुणे म्हणजे नुसते पाण्याखाली धरणे नव्हे. साबण, नखांसाठी ब्रश आणि वाहते पाणी, एवढे हवे. रॉकेलने किंवा पेट्रोलने हात पुसण्याची सवय मोडलीच पाहिजे. खाण्याची जागा कामाच्या खोलीबाहेर असावी, मग ती कट्ट्यावर का असेना. सकाळी उपाशीपोटी कामावर येऊ नये. भाकरी-भाजी, दूध किंवा ताक, काहीतरी पोटात असावे.

येथे दूध आणि गुळाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. धुळीच्या कामावर कामगाराला गुळाचा खडा द्यावयाचा, शिशाच्या किंवा ॲसिडच्या कामावर पेलाभर दूध द्यावयाचे, अशी पद्धत अनेक कारखान्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आली. कोल्हापूरचा गूळ आम्हालाही प्रिय आहे. परंतु गूळ फुप्फुसातील धूळ काढत नाही आणि दूध शिशाला बांधून बाहेर टाकत नाही. आहारात कॅल्शियम व लोह पुरेसे असेल तर आतड्यातून शिसे कमी शोषले जाते, एवढाच त्यातील खरा भाग. श्वासावाटे आत गेलेल्या शिशावर त्याचा काही परिणाम नाही. दूध जरूर द्यावे. ते धुराड्याच्या ऐवजी देऊ नये. पेलाभर दुधाने मालकाची टोचणी थांबते आणि कामगाराला आपण सुरक्षित असल्याचा भास होतो. या दोन्ही गोष्टी घातक आहेत.

झाडू हा या कामातील मोठा शत्रू. कोरडा झाडू मारला किंवा हवेच्या पंपाने टेबल साफ केले की खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. फरशी ओल्या फडक्याने पुसावी, प्लेटा तोडताना त्यांवर पाणी शिंपडावे. ते घाण पाणी व ॲसिड गटारात किंवा ओढ्यात न सोडता डब्यात साठवावे. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याकडून फोडून न घेता अधिकृत पुनर्चक्रीकरणाकडे पाठविण्याची जबाबदारी ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. छोट्या दुरुस्तीवाल्याने बॅटरी अखंड परत करणे हेच त्याच्या आरोग्याच्या व व्यवहाराच्या दृष्टीने सोयीचे.

मुखपट्टीविषयी मोठे गैरसमज आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी वापरतात ती पातळ पट्टी शिशाचे सूक्ष्म कण अडवीत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारी, कण गाळणारी एन-९५ दर्जाची किंवा तिच्याहून वरची मुखपट्टी लागते; दाढी असेल तर तीही नीट बसत नाही. उन्हाळ्यात भट्टीपुढे ती लावून बसणे कोणालाही जड जाते, याची आम्हाला जाणीव आहे. शिवाय ‘आम्हाला काय होतंय’ हा बाणा आहेच. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा साथीदारांनी जेथे देह ठेवला, त्या गावच्या मातीत धाडसाचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. परंतु धाडस समोरच्या शत्रूशी दाखवावयाचे असते आणि शिसे कधी समोरून येत नाही.

कोणी काय करावयाचे

वर सांगितलेले सर्व कामगाराने केले तरी धोक्याचा मोठा भाग शिल्लक राहतो, हे मान्य केल्याशिवाय कोणतेही प्रशिक्षण प्रामाणिक ठरत नाही. टॉमस लेग हे १८९८ मध्ये ब्रिटनचे पहिले वैद्यकीय कारखाना निरीक्षक झाले. अंगावर बेतण्याआधीच कामगाराला धोक्याची माहिती मिळाली पाहिजे, या मताचे ते होते. पण त्यांचा अनुभव असाही होता की मालकाने आपल्या हातचे सर्व काही केल्याखेरीज कामगार स्वतःच्या बचावासाठी जवळजवळ काहीच करू शकत नाही. इमारतींच्या रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर मर्यादा घालणारा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार ब्रिटिश सरकारने मान्य न केल्यामुळे त्यांनी १९२६ मध्ये पदाचा राजीनामा दिला.

म्हणून प्रशिक्षणाला मालक हजर असला पाहिजे, आणि त्यालाही गुलाल लागला पाहिजे. शिसे वितळविण्याची कढई खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीशी ठेवून तिच्यावर पत्र्याचे छत्र व बाहेर जाणारे धुराडे बसवावे, त्यात धूर ओढणारा पंखा असावा. कारागिराच्या पाठीमागून वारा देणारा साधा पंखा उपयोगी नाही. तो धूर शेजाऱ्याच्या तोंडावर नेतो. कढई गरजेपेक्षा अधिक तापवू नये व झाकून ठेवावी. कामाचे कपडे दुकानातच राहावेत. अठरा वर्षांखालील मुलाला या कामावर घेणे गुन्हा आहे. ‘शिकाऊ आहे, पगार देत नाही’ हे समर्थन चालत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला आरोग्यविषयक माहिती व प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला आणि त्याची वैद्यकीय तपासणी नेमणुकीपूर्वी व त्यानंतर किमान १२ महिन्यांतून एकदा करणे बंधनकारक केले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिने त्या जुन्या अधिनियमाची जागा घेतली आहे. शिशाची विषबाधा जुन्या कायद्याप्रमाणे नव्यातही कळविण्यायोग्य रोगांच्या यादीत आहे. असा रुग्ण आढळल्यास डॉक्टराने तो कळविणे हे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. व्यवसायजन्य रोग म्हणून नुकसानभरपाई मागण्याचा मार्गही कामगाराला मोकळा आहे. अडचण अशी की दोन-तीन माणसांच्या दुकानापर्यंत निरीक्षक सहसा पोहोचत नाही. तेथे पोहोचू शकतो तो शेजारचा दवाखाना.

रक्ताची तपासणी

रक्तातील शिसे नेहमीच्या प्रयोगशाळेत मोजले जात नाही; नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. नमुना शिरेतून घ्यावा, सूक्ष्म धातूंच्या तपासणीसाठी असलेल्या नळीत घ्यावा आणि त्याआधी रुग्णाचा हात कोपरापर्यंत साबणाने धुवावा. कातडीवरची धूळ सुईबरोबर आत गेली तर आकडा खोटा येतो. शक्य तो कामगाराला घरून अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत बोलवावे.

एका आकड्यावर विसंबू नये. कामाला लागण्यापूर्वी एकदा, पहिल्या सहा महिन्यांत दोनदा आणि पुढे ठरावीक अंतराने तपासणी झाली तर चढता कल वेळीच दिसतो. अमेरिकेच्या १९७८ च्या नियमाने रक्तातील शिसे ६० मायक्रोग्रॅमवर गेलेल्या कामगाराला, किंवा सरासरी ५० च्या वर राहिलेल्याला, शिशाच्या कामावरून हलवावयाचे ठरविले आणि ४० च्या खाली येईपर्यंत त्याचा पगार कापावयाचा नाही, अशी अट घातली. आज हे आकडे फारच सैल वाटतात, परंतु पगाराची अट मात्र शिकण्यासारखी आहे. तपासणीचा निकाल वाईट आला की नोकरी जाते असे दिसले, तर दुसऱ्या खेपेस कोणीही दंड पुढे करणार नाही. म्हणून निकाल प्रथम कामगाराच्या हाती द्यावा आणि त्याचा अर्थ त्याला बसवून समजावून सांगावा.

शरीरातील शिसे बांधून लघवीवाटे काढणारी औषधे आहेत : शिरेतून देण्याचे कॅल्शियम इडीटीए, तोंडाने घेण्याचे सक्सिमर आणि डी-पेनिसिलामाइन. त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत व ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात. रुग्ण त्याच दुकानात कामाला जात असताना ही औषधे देणे चूक आहे. काही औषधांनी आतड्यातून शिसे अधिक शोषले जाण्याचा धोका असतो. ‘शिसे उतरविण्यासाठी’ म्हणून धडधाकट कामगारांना सरसकट गोळ्या वाटण्याचा प्रकार कोठे आढळल्यास तो थांबवावा. पोटदुखीवर परस्पर घेतलेल्या भस्मांविषयीही रुग्णाला अवश्य विचारावे, कारण नागभस्म हे शिशाचेच असते आणि अशुद्ध औषधांमुळे विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

घरची धूळ

सेनेगल देशातील डाकार शहराच्या एका वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ मुले दगावली. त्या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतून शिसे काढले जाई आणि शिशाने भरलेली माती चाळून घरांत साठविली जाई. मुलांनी कारखान्यात कधी पाऊल ठेवले नव्हते. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांनी जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असल्याचा अंदाज आहे. त्यांतील सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातील आहेत. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, तरी बॅटरीच्या धुळीला तो निर्णय लागू पडत नाही.

मुलाच्या वाढत्या मेंदूवर शिशाचा जो परिणाम होतो तो औषधाने मागे घेता येत नाही. अभ्यासात मागे पडणारे, हट्टी, चंचल असे ज्याचे वर्णन शाळेत होते, त्याचा बाप बॅटरीच्या कामावर असेल तर मुलाचेही रक्त तपासणे हे आम्ही आवश्यक मानतो.

घरच्या स्त्रियांना या विषयात सहसा कोणी बोलवीत नाही. वास्तविक कामाचे कपडे बहुतेक घरांत त्याच धुतात. कपडे झटकताना उडालेली धूळ त्यांच्या श्वासात जाते, आणि ती स्त्री गरोदर असेल तर शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते. तेव्हा कामाचे कपडे घरी आणावयाचेच असतील तर पिशवीत बांधून आणावे, न झटकता पाण्यात भिजवावे, घरच्या इतर कपड्यांपासून, विशेषतः बाळाच्या लंगोटांपासून, वेगळे धुवावे. चपला उंबऱ्याबाहेर ठेवाव्यात. दाराशी येताच गळ्यात पडणाऱ्या मुलाला उचलण्यापूर्वी बापाने अंघोळ करावी. हे शेवटचे सांगणे सर्वांत अवघड आहे. दिवसभराच्या कामानंतर मुलाला दोन हात लांब उभे करणे कोणत्या बापाला आवडेल? म्हणून अंघोळीची सोय दुकानातच असावी, असे आम्ही मालकांना आग्रहाने सांगतो : एक नळ, एक बादली, एक आडोसा आणि घरी जाण्याच्या कपड्यांसाठी एक खुंटी.